माहिती हाताशी असताना गट कशाला?

प्रश्न : इंदिरानगर परिसरातील आम्ही काही कुटुंबे दरमहा एकत्र बसून पाणी, कचरा, वीज आणि एकूणच शाश्वत राहणीवर चर्चा करतो. घरातील तरुण मंडळींचे म्हणणे असे, की ही सगळी माहिती मोबाइलवर असताना चहा पीत गप्पा मारून काय साधणार? अशा गटांचा खरोखर उपयोग होतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तरुणांचा आक्षेप निम्मा रास्त आहे. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच स्पष्ट लिहिलेले होते; तेवढे कळण्यासाठी सभा भरवण्याची गरज नाही. गटाची गरज लागते ती सर्वसाधारण सल्ला आपल्या आवारात लागू पडत नाही तेव्हा.

गच्चीवरच्या पाण्याचेच पाहा. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर सुमारे ७०,००० लिटर पाणी पडते. हा हिशेब कोणीही करू शकेल. परंतु आपल्याकडे मातीखाली बेसॉल्टचा कातळ आहे आणि पाणी मुरते ते त्यातील भेगांमधून, झिजलेल्या थरांमधून. त्यामुळे एका इमारतीत गच्चीचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याने बोअरला पाणी वाढते, तर शेजारच्या आवारात तसाच खड्डा पावसाळाभर तुंबलेला राहतो. खड्डा कोठे खणला, किती फुटांवर कातळ लागला, उन्हाळ्यात बोअरचे पाणी कोणत्या महिन्यात खाली गेले, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते, आणि ते तो समोर बसल्यावरच सांगतो. फसलेला खड्डा तर कोणी आपणहून छापून आणत नाही!

खताचेही तसेच. ओल्या कचऱ्याला दुर्गंधी सुटते ती ओल जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे. त्यावर कोरडा पालापाचोळा मिसळणे हा उपाय सर्वांना माहीत असतो, पण ऐन श्रावणात कोरडा पाला मिळणार कोठून? तो फाल्गुन-चैत्राच्या पानगळीतच पोत्यांत भरून ठेवावा लागतो, आणि ही पोती कोणाच्या जिन्याखाली ठेवायची, हे चार घरांनी बसूनच ठरवावे लागते.

मात्र दर बैठकीत पृथ्वीच्या तापमानापासून प्लॅस्टिकपर्यंत सर्व विषय घेतल्यास गप्पाच होतील. एका वेळी एकच प्रश्न घ्यावा, कोणी काय करून पाहिले आणि काय फसले याची वहीत नोंद ठेवावी, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या नोंदींच्या वाचनाने करावी. माझ्या मते आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कचरा प्रत्यक्ष हाताळणाऱ्या घरकामाच्या मावशी, इमारतीचे रखवालदार आणि घंटागाडीवरील कर्मचारी बहुतेक गटांत नसतात. वेगळा केलेला कचरा पुढे गाडीत एकत्र होतो की नाही, हे तुमच्यापेक्षा त्यांना नेमके माहीत असते. त्यांना बोलवायचे, तर बैठकीची वेळ त्यांच्या सवडीने ठरवा.