'फूइन' म्हणजे रद्द नव्हे, आणि शिक्कामोर्तब म्हणजे नुसतं 'पक्कं' नव्हे

प्रश्न असा आलाय की न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी व्यावसायिक कुस्ती कंपनीचा आयडब्ल्यूजीपी यू-३० ओपनवेट हा बेल्ट २००६ मध्ये बंद पडला, जपानी लोक याला 'फूइन' म्हणतात, तर मराठीत "खिताब रद्द झाला" असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. आधी ते 'खिताब' सोडा. हिंदी कॉमेंट्री ऐकून सगळे खिताब-खिताब करायला लागलेत, आपल्या तालमीत त्याचा 'किताब' होऊन जमाना झाला. आणि खरं तर किताबही इथे बसत नाही, कारण आपला किताब माणसाला चिकटतो. एकदा महाराष्ट्र केसरी झालेला पैलवान म्हातारपणी पारावर बसला तरी महाराष्ट्र केसरीच, पुढच्या वर्षी दुसऱ्याने गदा उचलली म्हणून याच्या नावामागचं कोणी काढून घेत नाही. जपानी मात्र 'ओझा' म्हणतात, शब्दशः राजाचं आसन, म्हणजे गादी (मॅटवाली गादी नव्हे). उतरलात की संपलं.

'रद्द' तर त्याहून वाईट. तिकीट रद्द होतं, निकाल रद्द होतो, म्हणजे झालेलंही न झाल्यासारखं. इथे तसं काहीच नाहीये. २००३ च्या एप्रिलमध्ये हिरोशिमात हिरोशी तानाहाशीने केन्झो सुझुकीला हरवून हा बेल्ट पहिल्यांदा मिळवला, ४ जानेवारी २००५ ला टोकियो डोममध्ये शिन्सुके नाकामुराने तो त्याच्याकडून घेतला, मग परत तानाहाशीकडे आला, आणि संपला. अख्ख्या इतिहासात माणसं दोनच! वजनाची अट नाही, अट वयाची, तिशीच्या आतले. आता गंमत बघा, हाच नाकामुरा डिसेंबर २००३ मध्ये तेविसाव्या वर्षी मोठा आयडब्ल्यूजीपी हेवीवेट बेल्ट जिंकून बसला होता. पोरं थेट मोठ्या गादीवर जायला लागली तर पोरांसाठी वेगळी गादी कशाला? तानाहाशीचा जन्म नोव्हेंबर १९७६ चा, म्हणजे त्याची तिशीही दारात होती. त्याने यू-३० परत केला आणि जुलै २००६ मध्ये सापोरोत मोठा बेल्ट कमरेला बांधला. झालेलं सगळं रेकॉर्डवर तसंच आहे, रद्द काय झालं?

बरं, फूइन. 'फू' म्हणजे बंद करणं, 'इन' म्हणजे शिक्का. आणि हे 'इन' चिन्ह जपानी बौद्ध लोक कशासाठी वापरतात माहितीये? बुद्धाच्या मूर्तीच्या हातांची जी मुद्रा असते ना, तिच्यासाठी! मुद्रा म्हणजे हाताची खूणही आणि शिक्काही, संस्कृतमधले दोन्ही अर्थ त्या एका चिन्हात उतरलेत. म्हणून माझं म्हणणं, फूइनला मराठीत 'मोर्तब' म्हणा. शिवकालीन पत्रं बघा, वर शिक्का, प्रतिपच्चंद्रलेखेव वाला, आणि मजकूर संपला की खाली छोटी मोर्तब, 'मर्यादेयं विराजते', म्हणजे इथे मर्यादा आली, याच्या खाली कोणी एक ओळ घुसडायची नाही. आता पेपरवाले "उमेदवारीवर शिक्कामोर्तब" लिहून मोकळे होतात, जणू मोर्तब म्हणजे सुरुवातीचा होकार. अहो ती शेवटाची खूण आहे!

यावर काही कोशप्रेमी मला सुनावतात की मोर्तब अरबी 'मुरत्तब'वरून आला, त्याचा अर्थ रचलेलं, नीट लावलेलं, त्यात शेवट कुठे? व्युत्पत्ती मलाही येते. पण शब्द मूळ गावी काय करत होता यापेक्षा इथल्या कागदावर त्याची जागा कुठे होती ते बघा की, नुसता कोश उघडून भाषा कळत असती तर काय हवं होतं. दुसरा आक्षेप जरा बरा आहे, की फूइन पुन्हा उघडता येतं, म्हणून 'मोहोरबंद' म्हणावं. तत्त्वतः ठीक, पण हा बेल्ट परत कोणी उघडलाय का? तरुणांना पुढे आणायचं म्हणून त्याच कंपनीत 'नेव्हर' नावाचा प्रकार होता, २०१२ मध्ये त्याचा बेल्ट काढला तोसुद्धा वेगळाच, आणि त्याचा पहिला चॅम्पियन कोण, तर मासातो तानाका, वय वर्षं ३९!

तिकडे पैलवान आपला एखादा डावसुद्धा फूइन करतात बरं का, म्हणजे यापुढे तो मारणार नाही असं जाहीर करून टाकतात. तिथे मात्र मोर्तब नको, सरळ "डाव बासनात बांधला" म्हणा.