थारला जादा दिवे लावायचेत, ठोसेघर-चाळकेवाडी-बामणोलीकडं रात्रीचं जाणं असतं. कोणते घ्यावेत?

आधी तो टपावरचा बार डोक्यातून काढून टाका.

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, थार नवीनच घेतलीय, पावसाळ्यात चाळकेवाडी आणि बामणोलीच्या बाजूला रात्री-पहाटे जावं लागतं, आणि दुकानदार टपावर ५० इंची एलईडी बार बसवून देतो म्हणतोय. हा उद्योग मी करून बसलोय. माझी गाडी जुनी बोलेरो, पण रस्ते तेच आणि धुकंही तेच.

जुलैची रात्र होती. चाळकेवाडीच्या सड्यावरून (पठारावरून), पवनचक्क्यांच्या मधून येत होतो आणि ढग खाली उतरले. मोठ्या हौसेनं बार चालू केला, तर काचेसमोर पांढरी भिंत उभी राहिली. रस्ता जाऊ द्या, बॉनेटचं टोक दिसेना. शेवटी बार बंद, अपर बंद, नुसत्या डिपरवर गाडी पहिल्या गिअरात, आणि पुढं मेहुणा मोबाइलची बॅटरी धरून पांढऱ्या पट्ट्यावरून चालतोय. अजून प्रत्येक लग्नात तो हे सगळ्यांना ऐकवतो.

असं का होतं ते समजलं की दिवा निवडणं निम्मं सोपं होतं. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. त्यावर पडलेला उजेड चहूकडं फेकला जातो, त्यातला काही सरळ तुमच्या डोळ्यात परत येतो. दिवा डोळ्याच्या जितका जवळ, तितका हा त्रास जास्त. टपावरचा दिवा तर डोक्यावरच असतो. तुमची नजर ज्या वाटेनं जाते, नेमकं तिथलंच धुकं तो उजळून टाकतो. तोच दिवा बंपरच्या खालच्या अंगाला बसवला आणि त्याचा उजेड वरून सरळ रेषेत कापलेला असला, तर उजेड जमिनीलगत जातो आणि नजरेच्या वाटेतलं धुकं अंधारात राहतं. म्हणजे तुम्ही अंधाऱ्या धुक्यातून उजेडातल्या रस्त्याकडं बघता. खऱ्या फॉग लाइटचं सगळं काम एवढंच. नुसती पिवळी काच लावलेला गोल दिवा फॉग लाइट होत नाही. दुकानात भिंतीवर मारून बघा. वरची कड सुरीनं कापल्यासारखी दिसली पाहिजे आणि उजेड आडवा पसरला पाहिजे.

पिवळा की पांढरा, हे तुम्ही विचारलंयच. ‘पिवळा उजेड धुकं फाडतो’ असं सगळे म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळं पिवळा, पांढरा, निळा सगळे जवळपास सारखेच विखुरतात. तरी मी पिवळाच लावलाय. पिवळ्यात निळा भाग गाळलेला असतो, त्यामुळं परत येणारा उजेड डोळ्याला कमी टोचतो, आणि दोन तास घाट चालवल्यावर तो फरक कळतो. ३००० केल्विनच्या आसपासचा घ्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). ६००० केल्विनचा निळसर पांढरा शोरूममध्ये झकास दिसतो. ओल्या डांबरावर मात्र त्याचा फायदा नाही, कारण ओला रस्ता कुठल्याही रंगाचा उजेड आरशासारखा पुढं फेकून देतो आणि आपल्याकडं फारसं काही परत येत नाही.

आता लांब मारणारे दिवे. स्पॉट म्हणजे अरुंद झोत, सरळ मोकळ्या रस्त्यावर वेगात जाणाऱ्याच्या कामाचा. यवतेश्वरच्या घाटात तुम्ही ३०-४० च्या वर जाणार नाही, आणि दर वळणावर स्पॉटचा झोत दरीतली झाडं मोजत बसतो. आपल्या वळणांना पाहिजे ते आडवा उजेड: कडेची गटार, खचलेली साइडपट्टी, आतून अचानक येणारी गुरं. माझं मत विचाराल तर सड्यावरच्या आणि घाटातल्या माणसानं पहिली जोडी फॉगचीच घ्यावी. महामार्गावरही रात्री जास्त फिरत असाल तर त्याशिवाय ड्रायव्हिंग बीमची (अपरच्या जोडीला लांब उजेड देणारे, पण स्पॉटपेक्षा रुंद झोताचे दिवे) एक मध्यम जोडी. स्पॉट नाहीच.

पण दिवे घ्यायच्या आधी गाडीचे मूळ दिवे तपासा. एच-४ हॅलोजन (अपर-डिपर एकाच बल्बात) असतील तर मल्टिमीटर लावून, गाडी चालू ठेवून, बल्बच्या सॉकेटवर व्होल्ट बघा. बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.४, असं बऱ्याच जुन्या गाड्यांत दिसतं. हॅलोजनचं गणित विचित्र आहे. व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड साधारण ३० टक्के घटतो. माझ्या बोलेरोला रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून बॅटरीवरून जाड वायर दिली, तेव्हा तेच बल्ब नवे वाटायला लागले. खर्च बारपेक्षा कितीतरी कमी.

वॅटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. मी एकदा एक जोडी घेतली, खोक्यावर एका दिव्याला १२० वॅट लिहिलेलं. घरी मीटर सिरीजमध्ये, म्हणजे दिव्याची वायर सोडवून मधे, लावला (साधा क्लॅम्प मीटर डीसी करंट दाखवत नाही, हे ध्यानात ठेवा), तर एक दिवा १.८ अँपिअर खात होता. १२.६ व्होल्टनं गुणा, २३ वॅट झाले. चांगला २० वॅटचा एलईडी फॉग पुरतो, पण मग खोक्यावर २० च लिहिलेलं असावं. जुन्या पद्धतीचे ५५ वॅटचे हॅलोजनही वाईट नाहीत, बल्ब तालुक्याच्या गावातही मिळतो. फक्त जोडीला आठ-नऊ अँपिअर लागतात.

वायरिंगला कंजुषी नको. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज (एलईडीच्या छोट्या जोडीला ७.५, हॅलोजनला १५ अँपिअर), मग रिलेची ३० नंबरची पिन, ८७ वरून दिव्यांना. फॉगच्या रिलेला पार्किंग लाइटवरून इशारा द्या. ड्रायव्हिंग बीमला मात्र अपरच्या वायरवरूनच द्या. म्हणजे समोरून कोणी आलं आणि तुम्ही डिपर केला की जादा दिवे आपोआप विझतात. वेगळा स्विच दाबायचा म्हटलं की माणूस विसरतो, मी विसरलोय.

आणि हे आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे. ऊसतोड सुरू झाली की कोरेगाव, रहिमतपूर, कराड, कुठंही बघा, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याचदा मागं लाल दिवाही नाही. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यावर तुम्ही बार मारला की त्याला रस्त्याची कड दिसत नाही, आणि त्याची दुसरी ट्रॉली तुमच्या बाजूला येते.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १११ नुसार स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय लावता येत नाही. बुल बारवर (बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर) दिवे लावायचा विचार असेल तर तोही सोडा, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय. बंपरमध्येच बसवा.

लेव्हल स्वतः करा. सपाट जागेवर भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा, मागं रोजचं वजन ठेवा, भिंतीवर दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूनं रेघ मारा. फॉगची कापलेली कड त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. बसवणारा मुलगा अंदाजानं करतो आणि दिवा हमखास वर राहतो.

खोक्यावर आयपी ६७ (आयपी म्हणजे धूळ-पाणी रोखायचा दर्जा) असेल तर दिवा मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो, नदी-ओढ्याला चालेल. पण सर्व्हिसिंगच्या प्रेशर पंपाची धार ती वेगळी गोष्ट, तिला आयपी ६९के लागतं. धुणाऱ्याला दिव्यावर जवळून धार मारू नको म्हणून सांगा. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर काचेच्या आत वाफ धरली का बघा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती गेली नाही तर दिवा सरळ परत करा. बिल जपून ठेवा, माझ्याकडं नव्हतं.