बारा तुकड्यांची चकती: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: लेथवर २५० मिमी व्यासाचं सेगमेंटचं (तुकडे जोडून केलेलं) कडं फिरवायचं आहे. तुकडे बारा, पट्टी शिसव आणि हेदू या लाकडांचे थर चिकटवून केलेली. प्रत्येक तुकडा किती लांब कापू आणि एकूण पट्टी किती लागेल? (सातारा)

हिशेब तयार वर्तुळापासून उलटा करत या. तयार त्रिज्या १२५ मिमी. गोल करताना खरड निघेल त्यासाठी ३ मिमी सोडा, म्हणजे १२८. बारा तुकडे म्हणजे एकेकाचा कोन ३० अंश आणि प्रत्येक टोकाचा काप १५ अंश. बाहेरची कड: २ × १२८ × ०.२६८ (१५ अंशांचा टॅन) = ६८.६ मिमी. पट्टी ३५ मिमी रुंद धरली तर आतली कड ४९.८ मिमी येते. आतल्या बाजूला जोडांचे कोपरे ९६.३ मिमी त्रिज्येवर पडतात, म्हणून आतलं भोक ९७ च्या खाली ठेवता येणार नाही. म्हणजे ३५ च्या पट्टीतून हाती येणारं कडं २८ मिमी रुंद. नेमकं हेच बहुतेकांच्या हिशेबातून सुटतं.

एकूण लांबीसाठी ६८.६ ला बारानं गुणू नका. पट्टीत तुकडे उलटसुलट बसतात, एकाची लांब कड वर तर पुढच्याची खाली. म्हणून सरासरी ५९.२ धरा: १२ × ५९.२ = ७१०. पातं ३.२ मिमीचं असलं तरी तिरक्या कापात ३.३ मिमी खातं. तेरा कापांचे ४३ मिळवले की ७५३. शेवटी हातात धरायला निदान १५० मिमी उरलीच पाहिजे. एखादा तुकडा बिघडेल हे धरून १ मीटरची पट्टी करा.

थर लावताना शिसव १३, हेदू ११, शिसव १३ असे घ्या आणि चिकटवल्यावर दोन्ही कडांना १–१ मिमी रंधा मारून ३५ करा. पण रंधा दुसऱ्या दिवशी. फेव्हिकॉलमधल्या पाण्यानं सांध्यालगतचं लाकूड फुगलेलं असतं. ते तसंच सपाट केलंत तर वाळल्यावर सांध्यावर बारीक खळगी दिसते आणि पॉलिशखाली ती जास्तच उठते. दोन्ही कडा समांतर आहेत का, तेही कॅलिपरनं तपासा. पट्टी एका टोकाला निमुळती असेल तर स्लेड (पट्टी कोनात धरून करवतीवर सरकवायची पाटी) कितीही अचूक असो, कोन चुकणारच.

प्रश्न: बाहेरच्या कडेला शिसवीचा ६ मिमी थर दिला होता. फिरवल्यावर तो प्रत्येक जोडापाशी नाहीसा झाला, मध्यभागी मात्र राहिला. कापण्यात चूक झाली का? (नागपूर)

काप बरोबर असणार, चूक आखणीत आहे. आपण गोल फिरवतो, पण थरांची रेषा बाराकोनीच राहते. वरचंच माप घ्या. बाहेरचा थर ६ मिमी असेल तर आतली सीमा तुकड्याच्या मध्यावर १२२ मिमी त्रिज्येवर येते आणि जोडापाशी १२६.३ वर. तुम्ही फिरवलंत १२५ वर, मग जोडापाशी शिसव उरणार कुठून?

तोच थर १२ मिमी घेतला तर मध्यावर ९ मिमी आणि जोडापाशी ५ मिमी शिसव दिसते, म्हणजे कमानीकमानीची नक्षी होते. ती मुद्दाम हवी असेल तर सुंदर दिसते. एकसारखा पट्टा हवा असेल तर चोवीस तुकडे करा. मग काप ७.५ अंशांचा, आणि त्याच १२ मिमी थराचा पट्टा मध्यावर ९, जोडापाशी ८. कापण्याआधी कागदावर कंपासनं एका तुकड्याचं पूर्ण मापात चित्र काढा. दहा मिनिटांत हे सगळं डोळ्यांना दिसतं.

प्रश्न: अकरा तुकडे घट्ट बसतात, बाराव्यापाशी बाहेर साडेपाच आणि आत चार मिमी फट राहते. मायटर गेज (करवतीवर कापाचा कोन ठरवणारं साधन) डिजिटल कोनमापकानं १५ अंशांवरच लावला होता. (ठाणे)

या मापाच्या फटीचा अर्थ असा की प्रत्येक काप ०.१ अंशानं कमी आहे. बारा तुकड्यांची कापलेली टोकं चोवीस, म्हणजे एकूण २.४ अंश. साध्या डिजिटल कोनमापकाची चूकच ०.१ अंशाची असते, त्यामुळे त्याच्या आकड्यावर हे काम करता येत नाही.

दोन फेन्सची (पट्टी टेकवायच्या आधारांची) स्लेड करा. दोन्ही फेन्स पात्याच्या एकाच बाजूला, एक पुढे, एक मागे, आणि त्यांच्यामधला कोन बरोबर ३० अंश. पट्टी न पलटता एक काप एका फेन्सवर, पुढचा दुसऱ्यावर. पातं मधोमध नसलं तरी बिघडत नाही. एका बाजूला जेवढं जास्त, दुसऱ्या बाजूला तेवढं कमी, बेरीज ३० च राहते. तो ३० अंशांचा साचा कोनमापकानं न आखता लांबीनं आखा: पाया २१४.४ मिमी, उंची ४००, दोन्ही बाजू समान असा त्रिकोण एमडीएफमध्ये.

आधी भंगार लाकडाचे बारा तुकडे कापून रबर बँडनं बांधा आणि उजेडासमोर धरा. जोड बाहेरून उघडे दिसले तर कोन कमी, आतून उघडे तर जास्त. लांबी ठरवणाऱ्या ठोकळ्यामागे भुसा साचला तरी तुकडे कमीजास्त होतात, म्हणून प्रत्येक कापानंतर फुंकर मारा.

आत्ताचे तुकडे टाकू नका, फटीत पुट्टीही भरू नका. सहा-सहांची दोन अर्धी कडी चिकटवा. ती वाळल्यावर काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून प्रत्येक अर्ध्याची दोन्ही टोकं एकदम घासा. आतली कड आधी टेकेल. साधारण ०.४ मिमी गेलं की पूर्ण तोंड टेकतं, मग दोन्ही अर्धी जोडा. हे काप रेशांना जवळजवळ आडवे असल्यानं फेव्हिकॉलचा पहिला हात लाकूड पिऊन टाकतं. पातळ हात देऊन पाच मिनिटं थांबा, मग दुसरा. शिसव आणि साग तेलकट असतात, त्यांची तोंडं चिकटवण्याआधी लगेच ॲसिटोननं पुसा.

प्रश्न: पट्टीच्या एकाच कडेला शिसव आहे, दुसऱ्या कडेला फणस. निम्म्या तुकड्यांत शिसव आत गेली. (कुडाळ)

तुकडे उलटसुलट कापले की असंच होणार. दोन पट्ट्या करा, चोवीस तुकडे निघतील: बारांत शिसव बाहेर, बारांत आत. एक कडं काठाला, एक बुडाला वापरा.

प्रश्न: मे महिन्यात पुण्यात सागाच्या बारा त्रिकोणी फाकांची भरीव चकती केली. पावसाळ्यात रत्नागिरीला तिचे जोड कडेला उघडले. फेव्हिकॉल कमी पडला का? (रत्नागिरी)

फेव्हिकॉलचा दोष नाही. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, आडवं हलतं. फाकेत रेशा कडेला समांतर, म्हणून त्रिज्या फुगते आणि परीघ तेवढाच राहतो. प्रत्येक फाक थोडी अरुंद कोनाची होते आणि जोड कडेला उघडतो. हिवाळ्यात उलट, मध्यभाग उघडतो.

साग ओल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत खोडातल्या वाढीच्या वलयांच्या दिशेनं ५.८ टक्के आणि खोडाच्या त्रिज्येच्या दिशेनं २.५ टक्के आकसतो. ओलावा ४ टक्क्यांनी वाढला असं धरलं तर १२५ मिमी फाकेच्या कडेला प्रत्येक जोड ०.५ मिमी उघडायला बघतो. ३५ मिमी रुंदीच्या कड्यात तोच आकडा ०.१४, आणि पट्टी योग्य दिशेनं कापलेली असेल तर ०.०६. म्हणून कडं करा, भरीव चकती नको. पट्टी सपाट ठेवून तोंडाकडून पाहिली की वलयांच्या रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. बाजारात वलयं आडवी असलेल्याच फळ्या जास्त मिळतात. पण त्यांच्या पट्ट्या फाडून कडेवर उभ्या करून चिकटवल्या की रेषा आपोआप उभ्या होतात. माझ्या मते लॅमिनेशनचा रंगसंगतीहून मोठा फायदा हाच.

मधलं भोक ६ मिमी जाडीच्या तळानं भरा. तो कड्यातल्या खाचेत, चोहोबाजूंनी १ मिमी मोकळा, न चिकटवता.

प्रश्न: कापलेला तुकडा पात्यानं उडवला, सुदैवानं कोणाला लागला नाही. (संभाजीनगर)

लांबीचा ठोकळा पात्याच्या समोर ठेवला असणार, त्यामुळे सुटा तुकडा ठोकळा आणि पातं यांच्यात अडकला. ठोकळा पात्याच्या अलीकडे संपवा, म्हणजे पट्टी टेकून मग पुढे ढकलताना तुकड्याला बाजूला जागा राहते. स्लेड मागे ओढण्याआधी मोटार बंद करा आणि पातं थांबल्यावरच तुकडा उचला, तोही पेन्सिलीच्या मागच्या रबरानं सरकवून.