दुरुस्तीला दिलेलं बोटीचं इंजिन जॅम झालं, तर?

प्रश्न: वडिलांचं साठ वर्षं जुनं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन कार्बोरेटर साफ करायला आणि इग्निशन कॉइल बदलायला दिलं होतं. देण्याआधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब मोजला, ९२ आणि ८८ पौंड. गेजचे फोटो आहेत. काम झाल्यावर मेकॅनिकने इंजिन सुरू झाल्याचा व्हिडिओ पाठवला. आणायला गेलो तर दोरी अर्ध्यावर अडते आणि खालच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन ३५. तो म्हणतो, "म्हातारं इंजिन, कधीतरी जाणारच होतं." पावतीवर 'माल मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलंय. पूर्ण बिल भरल्याशिवाय इंजिन देत नाही. काय करावं?

उत्तर: आधी एक करा. ती दोरी पुन्हा ओढू नका, आणि इंजिन तुमच्या गैरहजेरीत उघडू नये असं मेकॅनिकला आजच लेखी कळवा. तुमचा पुरावा त्या सिलिंडरच्या आत आहे. हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, एकदा निघालं की आत काय होतं यावर दोघांची दोन मतं होतील.

दुरुस्तीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं याला भारतीय करार कायदा, १८७२ 'निक्षेप' म्हणतो. कलम १५१ प्रमाणे, सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी मेकॅनिकने घ्यायला हवी. वस्तू धड दिली आणि बिघडून आली एवढं तुम्ही दाखवलंत की काळजी घेतली होती हे दाखवायची पाळी त्याची. म्हणून ते गेजचे फोटो मोलाचे आहेत. 'म्हातारं' आणि 'बिघडलेलं' यांतला फरक त्या दोन आकड्यांत आहे.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी तीनदा पाहिला. इंजिन स्टँडवर आहे, जोरात चालतंय, आणि खाली पाण्याचं पिंप नाही, पाण्याची नळीही लावलेली दिसत नाही. मी वकील, मेकॅनिक नव्हे. पण आउटबोर्ड कोरडं चालवायचं नसतं हे बोट वापरणारा कोणीही सांगेल. थंड करणारं पाणी खालचा रबरी इम्पेलर, म्हणजे पंपाचं पात्यांचं चाक खेचतं, आणि पाणी नसेल तर ते मिनिटभरातही जळू शकतं. मग इंजिन तापून पिस्टन अडकू शकतो. तुमचा व्हिडिओ जवळजवळ चार मिनिटांचा आहे!

तरी तेवढ्यावर विसंबू नका. समोरचा वकील म्हणेल की पाण्याच्या वाटा आधीच मिठाने बुजल्या होत्या. म्हणून दोघांच्या समक्ष, तिसऱ्या जाणकाराकडून इंजिन उघडून घ्या. आधी खालचा भाग. इम्पेलरची पाती करपलेली, तुटलेली निघाली तर कोरडं चालवल्याचं बोलकं चिन्ह. पाती धड आणि वाटांत पांढरा खडूसारखा थर गच्च बसलेला असेल, तर त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि तुम्ही तडजोडीचा विचार करावा. टाकीतलं पेट्रोलही बाटलीत सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्या. अनेक जुन्या इंजिनांना २४ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लागतं. सवयीने ५०:१ ओतलं असेल तर पिस्टनवर चरे पडायला तेही कारण पुरतं.

पावतीवरच्या छापील ओळीने फार घाबरू नका. लॉन्ड्रीच्या पावतीवरची भरपाईला कात्री लावणारी अशीच अट मद्रास उच्च न्यायालयाने १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निकालात सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरवली होती. मुंबईसह इतर ठिकाणी तो निकाल बंधनकारक नाही, युक्तिवादाला मात्र उपयोगी आहे.

इंजिन अडवून ठेवण्याचं म्हणाल, तर कलम १७० मेकॅनिकला तो हक्क देतं, पण ठरल्याप्रमाणे केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता. 'जागेचं भाडं' त्यात घुसडलं असेल तर त्यासाठी वस्तू अडवता येत नाही. हक्कावर वाद घालत बसलात तर इंजिन मात्र त्याच्याकडे गंजत राहील. माझं मत: संयुक्त तपासणी झाल्यावर बिल 'हरकत राखून' भरा, तसं पावतीवर लिहा आणि इंजिन घरी आणा. काढलेले जुने भाग, ती जुनी कॉइलसुद्धा, मागून घ्या. ते तुमचेच आहेत.

भरपाईत नव्या इंजिनाची किंमत मागू नका. पिस्टन, रिंग, सिलिंडरचं काम, शोधून आणावे लागणारे भाग आणि तपासणीचा खर्च, एवढं टिकतं. वडिलांच्या आठवणीचं मोल ग्राहक आयोग मानसिक त्रासाच्या रकमेत थोडंफार धरेल, फार नाही.

बोट हौसेसाठी वापरत असाल तर तुम्ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली 'ग्राहक' आहात. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते, वकील सक्तीचा नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. बोट भाड्याने देत असाल तर आधी मला कळवा. तिथे 'व्यावसायिक वापरा'चा मुद्दा निघेल. तक्रारीआधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. व्हिडिओ मूळ फोनमध्येच ठेवा. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागेल.

आणि इंजिन ताब्यात घेताना 'काम समाधानकारक' असं छापलेल्या कागदावर सही मागितली, तर ती ओळ खोडून, बाजूला तारीख टाकून मगच सही करा.