बारा वर्षांची लेक, पाळीची तारीख आणि तारकर्लीचं पाणी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लेक बारा वर्षांची. पाळी गेल्या दिवाळीच्या सुमारास सुरू झाली. मे महिन्यात चुलत-मावस भावंडांचा मोठा कंपू घेऊन तारकर्लीला जायचंय, रिसॉर्टला टँक आहे, मालवणला स्नॉर्केलिंग ठरलंय आणि पाळी नेमकी त्याच आठवड्यात येईल असं दिसतंय. जाऊबाईंनी पुढे ढकलायची गोळी सुचवली आहे, सासूबाई सोबत येणार आहेत, आणि लेक म्हणतेय, "मग मी येतच नाही." मी मुलींना पोहायला शिकवते, त्यांच्या बॅचेस घेऊन समुद्रकाठच्या शिबिरांनाही जाते. दर उन्हाळ्यात हा विषय निघतोच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गोळीचं. परस्पर अजिबात देऊ नका. आपल्याकडे पूजा, लग्न, सण आला की मेडिकलमधून ही गोळी आणून घ्यायची सवय इतकी रुळली आहे की ती क्रोसिनच्या पंगतीला बसल्यासारखी झाली आहे. पण ते हार्मोन आहे. नोरेथिस्टेरॉनची गोळी साधारणपणे तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करून दिवसातून तीनदा घ्यायला सांगतात आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. म्हणजे सगळा हिशोब तारीख पक्की असण्यावर चालतो. तुमच्या लेकीची तारीख पक्की कुठे आहे? पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षं तरी चक्र २१ दिवसांचंही असू शकतं आणि ४५ दिवसांचंही. शिवाय मळमळ, डोकेदुखी, चिडचिड, मधेच थोडंथोडं रक्त दिसणं (स्पॉटिंग) हे त्रास होऊ शकतात, आणि घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेला असेल तर ते डॉक्टरांना आधी कळायलाच हवं. या वयात ही गोळी द्यायची की नाही हे फक्त गायनॅकने ठरवायचं. चार दिवसांच्या पोहण्यासाठी मी तो विचारही करणार नाही.

याच अनियमितपणाची दुसरी बाजू लक्षात घ्या. पाळी त्या आठवड्यात येणारही नाही कदाचित, किंवा निघायच्या आदल्या दिवशी संपेल. म्हणून सहलीला जायचं की नाही हे तारखेवर ठरवू नका. तयारी मात्र पाळी येणारच असं धरून करा, आणि ती आजपासून करा. रिसॉर्टच्या बाथरूममध्ये, बाहेर सहा भावंडं दार वाजवत असताना, कुठलीही गोष्ट पहिल्यांदा करून बघायची नाही. माझ्या सगळ्या सांगण्यातलं हे एक जरी पाळलंत तरी निम्मं काम झालं.

लेकीशी बोलताना आधी तिच्या मनातल्या भीतीला उत्तर द्या, वस्तू नंतर दाखवा. या वयाच्या मुलींना वाटतं की पाण्यात उतरलं की सगळं पाणी लाल होणार. अख्ख्या पाळीत मिळून साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे, तेही चार-पाच दिवसांत. पाण्यात असताना बाहेरच्या दाबामुळे ते खूपच कमी बाहेर येतं. थांबत मात्र नाही. पाण्यातून बाहेर पडून उभं राहिलं, खोकला-हसू आलं की येतं, त्यामुळे काळजी घ्यायची ती बाहेर पडतानाच्या त्या दोन मिनिटांची. आणि शार्क! हे मला दर शिबिरात कुणीतरी हळूच विचारतं. पाळी चालू असलेल्या बायकांवर शार्क जास्त हल्ले करतात असं कुठेही दिसून आलेलं नाही. बायका पाळीतही स्कूबा करतात, शिकवतातसुद्धा.

पॅड लावून पाण्यात जायचं नाही, हे तिला कारणासकट सांगा. पॅडमधल्या जेलला रक्त काय आणि टँकचं पाणी काय, दोन्ही सारखंच. ती मिनिटभरात पाणी पिऊन फुगते, गोंद सुटतो, आणि कॉस्च्युममधून तो फुगवटा दिसतो. मुलीला लाज वाटते ती पाळीपेक्षा याची. पावलं भिजवत किनाऱ्यावर फिरायचं असेल तर पॅड चालतो, पाणी गुडघ्याच्या वर नको.

आता टॅम्पॉन, म्हणजे योनीत आत बसवायची, रक्त शोषून घेणारी दोरा लावलेली छोटी गुंडाळी. बारा वर्षांच्या मुलीने वापरला तर चालतो का, असं तुम्ही विचारलंय. चालतो. वयाची अट नाही. तिची इच्छा मात्र हवी. तिने "ई, नको" म्हटलं तर विषय तिथेच संपवा. ती तयार असेल तर सगळ्यात लहान, कमी शोषणाचा घ्या, मिनी किंवा लाइट लिहिलेला. मोठ्या मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळतो. पहिला प्रयत्न पाळी चालू असताना, त्यातही जास्त जाणाऱ्या दिवशी करायचा. कोरड्या अंगाने करायला गेलं तर टोचतं, आणि मग मुलगी पुन्हा हात लावत नाही. घाई नसलेली दुपार निवडा. एक टॅम्पॉन आधी नुसता हातात देऊन उघडू द्या, ग्लासभर पाण्यात टाकून कसा फुलतो ते बघू द्या, दोरा ओढून बघू द्या. हे केलेल्या मुलीची निम्मी भीती जाते, मी कितीदा तरी पाहिलंय.

घालताना हात साबणाने धुतलेले हवेत. कमोडवर गुडघे फाकवून बसायचं किंवा एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहायचं. मुली चुकतात ती दिशा. सरळ वर ढकलतात. वाट तिरकी, कमरेच्या मणक्याच्या दिशेने मागे जाते. श्वास सोडत हळू न्यायचा. नीट बसला की जाणवतच नाही. टोचत असेल, बसताना खुपत असेल तर पुरेसा आत गेलेला नाही, तो काढून नवा घ्यायचा. "आत हरवला तर?" हरवत नाही. वरच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड असतं, त्यातून तो जाऊच शकत नाही, आणि दोरा बाहेर असतोच. तुम्ही दाराबाहेर थांबा, तिने बोलावलं तरच आत जा. दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर त्या महिन्यापुरतं सोडून द्या. दर वेळी काहीतरी अडतंय आणि जोरात दुखतंय असं झालं तर जबरदस्ती नको, गायनॅकला दाखवा. काही मुलींच्या योनिपटलात, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्यात, वाटेच्या मधून एक पट्टी असते, त्यावर छोटासा उपाय असतो.

योनिपटलाबद्दल सासूबाई किंवा जाऊबाई बोलतीलच. त्या पडद्याला मुळातच वाट असते, म्हणून तर पाळीचं रक्त बाहेर येतं. लहान टॅम्पॉन त्याच वाटेने जातो. पडदा थोडा ताणला गेला तरी त्याने मुलीच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. हे वाक्य लेकीच्या समोर, स्वच्छ शब्दांत आणि आवाज न चढवता म्हणा. तिला ते तुमच्या तोंडून ऐकायला मिळणं फार गरजेचं आहे.

एक नियम मात्र कडक. टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलायचा, आठच्या वर कधीच नाही, आणि लागतो त्यापेक्षा जास्त शोषणाचा वापरायचा नाही. टॉक्सिक शॉक सिंड्रोम नावाचा आजार फार क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत अति-शोषक टॅम्पॉनमुळे त्याचे बरेच रुग्ण आढळले, तेव्हापासून हे नियम सांगितले जातात. अचानक मोठा ताप, उन्हाने भाजल्यासारखं लाल अंग, उलट्या-जुलाब, चक्कर असं काही झालं तर टॅम्पॉन लगेच काढायचा, थेट दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना टॅम्पॉन वापरल्याचं सांगायचं. म्हणून मी मुलींना सांगते की टॅम्पॉन फक्त पाण्यापुरता. रात्री पॅड. प्रवासातही पॅड. पुण्याहून घाट उतरून मालवण गाठायला आठ-नऊ तास सहज जातात आणि वाटेत धड बाथरूम कुठे मिळेल याची खात्री नसते.

मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे योनीत बसवून रक्त साठवणारा छोटा पेला, चांगला, बारा तासांपर्यंत चालतो, पण शिकायला बहुतेक मुलींना दोन-तीन पाळ्या लागतात. मे महिन्यासाठी तो डोक्यातून काढा, पुढे बघता येईल. पाळीसाठीचे खास स्विमसूट मिळतात, आत शोषणारा थर आणि बाहेर पाणी न जाणारा. शेवटच्या हलक्या दिवसांना ते छान. जास्त जाणाऱ्या दिवशी एकट्या त्यांच्या भरवशावर राहू नका. टॅम्पॉन नको म्हणणाऱ्या मुलीसाठी मी हाच मार्ग सुचवते: पहिले दोन दिवस काठावर, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा स्विमसूट घालून पाण्यात.

कॉस्च्युम घेताना काळा किंवा गडद निळा, आणि एकसंध नको. वर पूर्ण बाह्यांचा टॉप, खाली गुडघ्यापर्यंतची पोहण्याची पँट. ओला एकसंध कॉस्च्युम अरुंद बाथरूममध्ये खांद्यापासून सोलून काढायचा आणि तसाच ओला परत वर चढवायचा, हे मोठ्या बाईलाही जड जातं. मुली मग टॅम्पॉन बदलायचंच टाळतात.

स्नॉर्केलिंगच्या दिवशी लक्षात ठेवायचं ते बोटीचं. मालवणच्या त्या बोटींवर आडोसाही नसतो. खोलीतून निघायच्या अगदी आधी लघवी करून नवा टॅम्पॉन, दोरा आत सारलेला, आणि परत आल्यावर पहिलं काम तो काढणं. दोरा भिजतो, म्हणून पोहून झाल्यावर तसाच ठेवायचा नाही. शिडीने बोटीवर चढताना सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे असतात, तेव्हा वर तुम्ही मोठा गडद टॉवेल उघडून उभ्या राहा. डाग दिसलाच तर "चल, कपडे बदलू" इतकंच बोलायचं. "अगं बाई" नाही. डाग गार पाण्यात धुवायचा, गरम पाण्याने तो बसतो.

तिची छोटी पाउच तिच्याकडेच द्या: दोन टॅम्पॉन, दोन पॅड, गडद निकर, पेपर सोप, वर्तमानपत्राचे तुकडे आणि एक झिपची पिशवी. तशीच दुसरी तुमच्या पर्समध्ये. आणि ती कुठे आहे हे तिच्या बाबांना माहीत असू द्या. तुम्ही जेवायला गेलेल्या असताना तिला बाबांकडे मागता आलं पाहिजे. वापरलेलं काहीही कमोडमध्ये टाकायचं नाही. किनाऱ्यावरच्या बऱ्याच ठिकाणी सेप्टिक टँक असतात, ते तुंबतात. वाळूत तर मुळीच पुरायचं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल पेनने ठिपका काढायचा आणि खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंनी हा लाल ठिपका रुजवला. पुडीत काय आहे ते कचरा उचलणाऱ्या बाईला हात घालण्याआधी कळावं, यासाठी तो. लेकीला हे कारण सांगा, मुली ते फार मनावर घेतात.

आता आजी. सिंधुदुर्ग किल्ल्यावर शिवराजेश्वराचं मंदिर आहे. बोटीतून उतरून सगळे तिकडे जातील, आणि "तू जरा बाहेर थांब" हे वाक्य तिथे येण्याची शक्यता आहे. तेव्हा वाद घालू नका, आधी घालून घ्या. निघण्यापूर्वी घरी सासूबाईंशी बोला, शक्यतो तुमच्या नवऱ्याने बोलावं. त्यांची श्रद्धा बदलायला जाऊ नका. एवढंच मागा की भावंडांसमोर तिला कुणी वेगळं काढायचं नाही, आणि मंदिरात जायचं की नाही ते तिने ठरवायचं. तिला आत जायचं असेल तर तुम्ही तिच्यासोबत चाला. थांबायचं असेल तर तटबंदीवर तिच्यासोबत थांबा. बहुतेक आज्या एकट्यात नीट सांगितलं की ऐकतात, त्यांनी स्वतः कोपऱ्यात बसून काढलेले दिवस त्या विसरलेल्या नसतात.

भावंडांना काय सांगायचं हेही तिनेच ठरवावं. "आज मला पाण्यात यायचं नाही" एवढं पुरतं, कारण द्यायची सक्ती नाही. पण मुलगे "चल ना, चल ना" करत हात धरून ओढतात, तेव्हा एका मोठ्या माणसाला आधीच सांगून ठेवा, मावशी म्हणा, आत्या म्हणा, जी तिथल्या तिथे त्यांना हटकेल. आणि ती नाहीच म्हणाली पाण्याला, तर तिला सामानाची राखण करायला बसवू नका. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढतात, ते बघायला न्या, लोक हात लावू देतात. कर्ली नदीतून बोटीने फिरा. मालवणच्या बाजारात खाजं घ्यायला तिला पुढे करा.

पोटदुखीसाठी कुठली गोळी, किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पाळीच्या दुखण्यावर आपल्याकडे सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने सूचना काढली होती. क्वचित गंभीर ॲलर्जी होते, तिचं पुरळ किंवा ताप गोळी घेतल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतो. म्हणून नवी गोळी सहलीत सुरू करू नका. गरम पाण्याची पिशवी बॅगेत असू द्या. दर तास-दोन तासाला पॅड पूर्ण भिजत असेल किंवा पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल तर मात्र सहलीची वाट न बघता आधीच दाखवून घ्या.

तुमच्या हातात मे महिन्याआधी अजून दोन पाळ्या असाव्यात. पहिला प्रयत्न झाला की लिहा, नेमकं कुठे अडलं ते सांगितलंत तर पुढचं सांगता येईल.