ऑटिस्टिक प्रौढ माणसाचं वजन खूप वाढलं तर तब्येतीवर काय परिणाम होतो?

तुमचा ऑटिस्टिक भाऊ २८ वर्षांचा आहे, दोन वर्षांत त्याचं वजन २२ किलोंनी वाढलंय आणि घरचे म्हणतात, "आनंदात आहे ना, मग खाऊ दे त्याला." यात खरंच काळजीचं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. माझा धाकटा भाऊही ऑटिस्टिक आहे, आता ३४ वर्षांचा. मी डॉक्टर नाही, पण त्याच्या वाढलेल्या वजनापायी आम्ही काय काय भोगलं ते सांगू शकते.

सगळ्यात आधी त्याच्या औषधांकडे बघा. चिडचिड आणि मारझोड कमी व्हावी म्हणून रिस्पेरिडोन किंवा अ‍ॅरिपिप्राझोल चालू आहे का? या दोन्ही औषधांनी वजन वाढतं. त्याच गटातल्या ओलान्झापिनने तर फारच वाढतं, आणि फिट्ससाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएटही त्यातलंच. यातली काही औषधं मेंदूतल्या भुकेच्या यंत्रणेवरच काम करतात, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप नीट पोचतच नाही. माझा भाऊ जेवून हात धुवायचा आणि वीस मिनिटांत परत ओट्याशी येऊन उभा राहायचा. आम्ही त्याला हावरट म्हणायचो. तो शब्द आठवला की आजही मला वाईट वाटतं, कारण ती भूक गोळीची होती.

पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. एकदम थांबवली तर त्रास उलटतो. डोस कमी करता येईल का, औषध बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाबद्दलही विचारा. अशी औषधं घेणाऱ्या ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले होते, त्यात मेटफॉर्मिनने वजनाची वाढ आटोक्यात आली होती. ती चाचणी ६ ते १७ वर्षांच्या मुलांवरची होती, तेव्हा तुमच्या भावासाठी काय योग्य ते डॉक्टरच ठरवतील.

आता परिणामांकडे येते. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, फॅटी लिव्हर, गुडघे ही यादी तुम्हाला माहीतच असेल. कॅलिफोर्नियात दीड हजार ऑटिस्टिक प्रौढांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लठ्ठपणा, मधुमेह आणि रक्तदाब हे तिन्ही ऑटिस्टिक लोकांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळले. तेव्हा हा तुमच्या एकट्याच्या घरचा प्रश्न नाही.

मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. आपल्याला छातीत धडधडलं, पाय बधिर झाले, तहान वाढली की आपण बोलून दाखवतो. अनेक ऑटिस्टिक माणसांना शरीराच्या आतल्या या खुणा ओळखता येत नाहीत, किंवा ओळखल्या तरी शब्दांत मांडता येत नाहीत. मग ते दुखणं वागण्यातून बाहेर येतं आणि सगळे म्हणतात, "ऑटिझम आहे, असंच चालायचं."

आमच्याकडे नेमकं हेच झालं. भाऊ सकाळी उठल्या उठल्या कपाळावर मुठी मारून घ्यायचा, दिवसभर पेंगायचा आणि कोणी हाक मारली की अंगावर धावून यायचा. डोस वाढवला, त्याने वजन आणखी वाढलं आणि मुठी तशाच राहिल्या. एका रात्री मी त्याच्या खोलीत झोपले. तो जोरजोरात घोरत होता, मग एकदम शांतता. मी मोबाइलवर सेकंद मोजले, अठरा. मग गुदमरल्यासारखा दचकून श्वास. पुन्हा घोरणं, पुन्हा शांतता. मी त्याचा व्हिडिओ काढला आणि डॉक्टरांना दाखवला. तपासणीत स्लीप अ‍ॅप्निया निघाला. झोपेत घशातला श्वासाचा मार्ग दबून श्वास अडत होता. त्यात सकाळी डोकं दुखतं, आणि ते तो मुठींनी सांगत होता.

त्यावर सीपॅप मशीन मिळालं, ते झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाचा मार्ग उघडा ठेवतं. त्याचा मास्क भावाने पहिल्या दिवशी भिरकावून दिला. मग आम्ही मशीन बंद ठेवून मास्क नुसता गालाला दहा सेकंद लावायला लागलो, रोज त्याच वेळी. पट्टा बांधायला तीन आठवडे लागले, रात्रभर झोपायला चार महिने. सकाळच्या मुठी थांबल्या. डोस वाढवायचा विषय परत निघाला नाही.

तेव्हा तुमच्या भावाच्या उशाशी एक रात्र काढा. अंघोळीच्या वेळी पोटाच्या घडीखाली आणि जांघेत बघा, तिथली त्वचा ओली राहून चिघळते आणि मग माणूस कपडे घालायला नकार देतो. वजन आणि पोटाचा घेर महिन्यातून एकदा लिहून ठेवा. साखरेसाठी एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करून घ्या, तिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. जेवणाच्या ठरलेल्या वेळा ज्याला प्राणप्रिय आहेत, त्याच्यासाठी हे फार मोठं आहे. रक्तदाबाच्या पट्ट्याची सवय आधी घरी करा, नाहीतर दवाखान्यात घाबरून आकडा वर जातो.

खाण्याबद्दल एवढंच सांगेन की एका वेळी एकच बदल करा, आणि तोही त्याला आधी सांगून. आवडीच्या पदार्थात गुपचूप काही मिसळू नका. एकदा विश्वास गेला की तो पदार्थही जातो आणि ताटात आणखी कमी गोष्टी उरतात. खाऊचं बक्षीस देणं मात्र आजच बंद करा, आम्ही ते फार उशिरा केलं. व्यायामासाठी गर्दीच्या, गोंगाटाच्या जिममध्ये ओढून नेऊ नका. रोज तोच रस्ता, तीच वेळ, तेवढंच अंतर, असं चालणं माझ्या भावाला मानवलं. पाऊस असला तरी तो चपला घालून दाराशी उभा असतो.