नव्या टीचरला

अगं, पाठटाचण सुबक ठेवच, पण आपल्यासारख्या लहान खासगी शाळेत खरी परीक्षा ऑफ तासाला. कुणी रजेवर गेलं की सहावी-सातवी एकत्र बसवतात, आणि ते काम हमखास नव्या माणसाच्या गळ्यात. पिशवीत एक गोष्टींचं पुस्तक असू दे.

निबंध तपासताना लाल पेन आवर. मुलं घरी कोकणी बोलतात. कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंग लागतं, ‘तें आयलें’. म्हणून बहिणीवरच्या निबंधात ‘ते शाळेत गेलं’ येतं. पहिल्या वर्षी मी एका पोरीची अख्खी वही लाल केली. महिनाभर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. आता दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहिते, फरक मुलंच सांगतात. आणि कुणी ‘टीचर, उदक पियेवंक वचूं?’ (पाणी प्यायला जाऊ?) म्हटलं तर आधी जाऊ दे गं, मराठी मागाहून.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर चाचणी ठेवू नकोस. निम्मी मुलं मनाने माटोळीखाली असतात, गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या बांधून टांगतात ना, त्या चौकटीखाली. सुट्टीनंतर माटोळीला काय काय बांधलं ते लिहायला सांग. नारळ, सुपारीचे घोस, तवशी (काकड्या), रानातली कांगलां... एरवी दोन ओळींत आटपणारा मुलगाही पान भरतो. तीच यादी विज्ञानाच्या तासाला पुन्हा वापर.